आरशाचा आणि बिनआरशाचा

कोणती वस्तू चांगली, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. परंतु ‘कशासाठी चांगली?’ असे उलट विचारल्यावाचून जो त्याचे उत्तर देतो, तो बहुधा ती वस्तू विकणारा तरी असतो किंवा नुकताच ती विकत घेऊन बसलेला तरी असतो. आम्ही आज या दोहोंत मोडत नाही. बेळगावच्या कॅम्पात आमच्या घरचा एक लहानसा फोटो स्टुडिओ आहे. वडीलबंधूंनी तो थाटला, पुढे बरीच वर्षे आम्ही सांभाळला आणि आता पुतण्या चालवतो. कर्ज काढून नवा कॅमेरा घ्यावा, असे त्याच्या मनाने घेतले आहे. घ्यावा की न घ्यावा हे ठरविण्यासाठी त्याने तो एक अख्खा हंगाम वरचेवर भाड्याने आणून वापरला, आणि जुना व नवा असे दोन्ही कॅमेरे सारख्याच कामांवर आमच्याही हातांतून गेले. त्या तुलनेचा हा ताळेबंद. ज्यांना यंत्रांत रस नाही अशा वाचकांनीही तो पाहावा. कारण भिंतीवर एखादा तरी फोटो नाही, असे घर आपल्यांत क्वचितच सापडेल.

जुना कॅमेरा म्हणजे निकॉन कंपनीचा डी ७००. तो जुलै २००८ मध्ये जाहीर झाला. नवा म्हणजे त्याच कंपनीचा झेड ८. तो मे २०२३ मधला. दोहोंत जवळजवळ पंधरा वर्षांचे अंतर. दोहोंचा संवेदक, म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या जागी आलेली उजेड टिपणारी पाटी, एकाच आकाराचा आहे. सुमारे ३६ बाय २४ मिलिमीटर. परंतु जुन्याच्या पाटीवर १ कोटी २१ लाख बिंदू आहेत, तर नव्याच्या पाटीवर ४ कोटी ५७ लाख. हा पल्ला किती मोठा आहे हे ध्यानात यावे म्हणून सांगतो: १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, त्याच्या चित्रात अवघे दहा हजार बिंदू होते, आणि ते एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत.

दोन्ही कॅमेऱ्यांतला खरा भेद मात्र बिंदूंचा नसून आरशाचा आहे. जुन्याच्या पोटात, लेन्सच्या मागे, पंचेचाळीस अंशांत कललेला एक आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड तो वर फेकतो. वर पाच पैलूंचा काचेचा लोलक असतो. तो उलटी झालेली आकृती सुलटी करून आपल्या डोळ्याशी पोचवतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, उजेड पाटीवर पडतो, पडदा मिटतो आणि आरसा पुन्हा जागेवर येतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. आणि तो परिचित ‘खट्’ असा आवाज याच धावपळीचा. १९५९ च्या निकॉन एफ या कॅमेऱ्यापासून ही रचना धंदेवाईकांत रुळली. फिल्म गेली, पाटी आली. तरी आरसा टिकला.

नव्यात आरसा नाही, लोलक नाही. यांत्रिक पडदासुद्धा नाही. पाटीवर पडणारे चित्र यंत्र सतत वाचत राहते आणि डोळ्याजवळच्या एका चिमुकल्या पडद्यावर ते दाखवत राहते. गंमत अशी की, ज्या २००८ साली आमचा डी ७०० जन्मला, त्याच वर्षी पॅनासॉनिकने लेन्स बदलता येणारा पहिला बिनआरशाचा कॅमेरा जगापुढे आणला. भावी वारसदार त्याच साली पाळण्यात होता. आम्हांस मात्र तेव्हा त्याची दखल घ्यावीशी वाटली नव्हती.

आता ‘कशासाठी’ याचा विचार. आमच्या स्टुडिओची कामे ठरलेली आहेत. १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे. जवानांची कसम परेड झाली की त्यांचे आईवडील कॅम्पात येतात. कोणी निपाणी-चिकोडीकडचे, कोणी चंदगड-गडहिंग्लजचे, कोणी सातारा-कोकणातून रात्रभर प्रवास करून आलेले. मुलगा कडक इस्त्रीच्या गणवेशात, वडील फेट्यात किंवा टोपीत, आई इरकलीत. असा गटफोटो हे आमचे मुख्य काम. त्याखालोखाल लग्ने, बारशी, शाळांची संमेलने, आणि वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. या कामांच्या कसोटीवर दोन्ही कॅमेरे उतरवून पाहणे, एवढाच आमचा अधिकार.

नेमकेपणाच्या बाबतीत नव्याचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. जुन्यात मुख्य आरशामागे दुसरा एक छोटा आरसा असतो. तो थोडा उजेड खाली वळवतो आणि तेथील वेगळे उपकरण अंतर जोखते. म्हणजे जोखावयाची वाट एक आणि चित्राची वाट दुसरी. या दोन वाटांत केसभर फरक पडला, तरी डोळे निसटतात आणि कान तेवढे स्पष्ट येतात. शिवाय अंतर जोखणारी त्याची ५१ ठिकाणे चौकटीच्या मध्यभागीच दाटीने बसलेली. नव्यात चित्राच्या पाटीवरच अंतर जोखले जाते, त्यामुळे दोन वाटांचा प्रश्नच उरत नाही. आणि त्याची ४९३ ठिकाणे जवळजवळ सगळी चौकट व्यापतात. तो माणसाचा डोळा आपणहून ओळखतो आणि त्याला धरून राहतो. रांगत्या मुलाचे दहा फोटो घेतले, तर जुन्यात पाच-सहा नेमके यावयाचे. नव्यात नऊ आले. बारशाच्या घरी या फरकाचे मोल काय आहे, ते आयांना सांगावयास नको.

रात्रीच्या कामांत निकाल इतका एकतर्फी नाही. शिवजयंतीची मिरवणूक रात्रभर चालते. चित्ररथांवरचे जिवंत देखावे, मशाली, रंगीत झोत, आणि मध्येच काळोखाचा एखादा पट्टा. येथे जुना फारच मागे पडेल अशी आमची अटकळ होती, ती खरी ठरली नाही. त्याच्या पाटीवर बिंदू थोडे असल्यामुळे प्रत्येक बिंदू ऐसपैस आहे. नव्याच्या बिंदूपेक्षा त्याचे क्षेत्रफळ पावणेचारपट भरते, आणि म्हणून त्याच्या वाट्याला उजेडही अधिक येतो. त्यामुळे नेहमीच्या आकाराचे फोटो छापून शेजारी ठेवले, तेव्हा नवा सरस दिसला खरा; परंतु पंधरा वर्षांनी सरस दिसला नाही. जेथे जुना थबकला ते अंतर जोखण्यात. काळोखात मावळ्यांचे चेहरे त्याला सापडेनात, आणि नवा ते सहज शोधीत गेला. उलट, एलईडी दिव्यांच्या भिंतीपुढे नव्याच्या चित्रांत आडवे पट्टे उमटले. यांत्रिक पडदा नसल्यामुळे तो पाटी ओळीओळीने वाचतो, आणि ते दिवे क्षणाक्षणाला मिणमिणत असतात. ती लुकलुक अशी चित्रात येते. त्यावर कॅमेऱ्यातच तोड आहे, ती पुतण्याने पुढच्या चौकापर्यंत शोधून काढली. पण मिरवणूक आपल्यासाठी थांबत नसते.

आवाजाची कथा न्यारी आहे. अंतरपाट धरला आहे, भटजींचे मंगलाष्टक टिपेला पोचले आहे, आणि त्यात आमच्या जुन्याचे खटखट चालले आहे, हा प्रकार वर्षानुवर्षे सर्वांनी सोसला. कीर्तनात आणि चर्चमधल्या लग्नात तर आम्हांस स्वतःचाच संकोच वाटे. नवा पूर्ण मुका राहू शकतो. त्याचा जो आवाज येतो तो कोणत्याही हालचालीचा नसून आतल्या ध्वनिक्षेपकातून वाजविलेला असतो. तो लहानमोठा करता येतो, बंदही करता येतो. लग्नात आम्ही तो बंद केला. परंतु गटफोटोच्या वेळी बंद ठेवून पाहिला, तेव्हा चमत्कारिक अनुभव आला. माणसे श्वास रोखून ताठ उभी, आणि फोटो केव्हाच निघून गेलेला! शेवटी कोणीतरी विचारले, “काढताय की नाही?” तेव्हापासून गटफोटोला आवाज चालू असतो. ‘खट्’ म्हणजे ‘आता सैल व्हा’ ही खूण आहे, आणि ती गावोगावच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे.

पाहण्याच्या रीतीतही फरक पडला आहे. जुन्यातून पाहताना समोरच्याच्या चेहऱ्यावरून निघालेला उजेडच आपल्या डोळ्यांत येतो. मात्र आरसा उचलला गेला की क्षणभर अंधार होतो. म्हणजे जो क्षण चित्रात उतरतो, नेमका तोच काढणाऱ्याला दिसत नाही. म्हणून त्याला समोरच्या माणसाचा अंदाज बांधावा लागतो. हसू कोठून सुरू होते, पापणी केव्हा लवते, वडिलांचा हात मुलाच्या खांद्याकडे केव्हा जाणार, हे आधी ओळखावे लागते. नव्यात तो अंधार नाही, अंदाजाची गरजही थोडी. सेकंदाला वीस चित्रे पूर्ण तपशिलासह निघतात, त्यांतले हवे ते वेचावे. पुतण्या म्हणतो, “काका, तुम्ही क्षणाची वाट बघत बसता. मी सगळेच क्षण घरी आणतो की.” त्यात तथ्य आहे. परंतु वेचण्याचे कष्ट मग रात्री येतात. जुन्यावर एका लग्नाची बाराशे चित्रे व्हावयाची. एकेकाचे सुमारे १५ एमबी धरले, तर सारे लग्न चार डीव्हीडींत मावे. नव्यावर सहा हजार झाली. प्रत्येकी सुमारे ५० एमबी, म्हणजे ३०० जीबी. त्याच्या दोन प्रती ठेवावयाच्या म्हणजे ६००. निवडावयास जुन्याची एक संध्याकाळ पुरे, नव्याला तीन दिवस लागले. आणि ते तीन दिवस गिऱ्हाइकाच्या बिलात कोठेही दाखविता येत नाहीत.

इतर बाबी थोडक्यात उरकतो. वजनात नवा हलका: बॅटरी वगळता जुना ९९५ ग्रॅम, नवा ८२०. बॅटरीत जुना भारी: निर्मात्याच्या मोजणीप्रमाणे एका भरणीत सुमारे हजार चित्रे, नव्याची साडेतीनशेच्याही आत, प्रत्यक्षात झपाट्याने काढली तर बरीच अधिक निघतात, तरी खिशात दोन जादा बॅटऱ्या हव्यातच. जुन्यात चलच्चित्र मुळीच नाही. नव्यात ते उत्तम आहे, आणि आजचे लग्नघर त्यावाचून बोलणेच करीत नाही. आमच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, ती नव्या-जुन्याचा भेद करीत नाही. दोघांनाही कोरडी पेटी लागतेच. लेन्स बदलताना जुन्याची पाटी आरसा आणि पडदा यांच्याआड असे. नव्यात ती उघडी पडू नये म्हणून कॅमेरा बंद करताच एक झडप पुढे येते. आणि आमच्या तीन जुन्या लेन्स! जुन्याच्या अंगातली मोटर त्यांना फिरवते. नव्याला जोडकडे लावून त्या बसतात खऱ्या, पण त्या जोडकड्यात ती मोटर नाही. म्हणून त्या हातानेच फिरवाव्या लागतात. सबब, ‘लेन्स आहेतच, फक्त कॅमेरा घ्यावयाचा’ हा हिशेब फसवा आहे. नुसता कॅमेरा भारतात आला तेव्हाच त्याची किंमत ३ लाख ४४ हजारांच्या आसपास होती. हातोहाती मोबाइल आल्यापासून आमच्यासारख्या स्टुडिओचे उत्पन्न घटले आहे. तेथे एवढे कर्ज म्हणजे काही वर्षांचा घास बांधून ठेवणे होय.

येथपर्यंत आमचे मत ‘थोडे थांबावे’ असेच होते. ते फिरविले एका मोठ्या फोटोच्या कामाने.

गेल्या पावसाळ्यात निपाणीजवळच्या एका खेड्यातून एक बाई आल्या. २०११ मध्ये त्यांच्या मुलाच्या कसम परेडच्या दिवशी आमच्याच स्टुडिओत काढलेला गटफोटो त्यांनी पिशवीतून बाहेर काढला. मुलगा मध्ये, एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला वडील, कडेला दोघी बहिणी. वडील दोन महिन्यांपूर्वी वारले होते. वर्षश्राद्धापूर्वी घरात त्यांचा मोठा फोटो लागावा, अशी इच्छा होती. आणि चेहरा नीट दिसेल असा त्यांचा दुसरा फोटोच घरात नव्हता. आमच्या धंद्यात ‘गटातून चेहरा काढणे’ हे फार जुने काम आहे. पुतण्याने वही पाहून मूळ फाइल शोधली. ती चांगल्या स्थितीत होती.

मग आकडे पुढे आले. पाच माणसे उभी असलेल्या त्या चित्राची उंची २८३२ बिंदूंची. आणि तीत पायांपासून फेट्यापर्यंत, वरखाली मोकळी जागा धरून, सात फूट मावलेले. त्यात वडिलांच्या चेहऱ्याच्या वाट्याला उभे जेमतेम ३०० बिंदू आले. ८ बाय १० इंचांच्या फोटोत चेहरा पाच इंचांचा करावयाचा, तर इंचामागे साठच बिंदू पडतात. हातात घेऊन पाहावयाच्या चांगल्या छपाईला ३०० लागतात. पुतण्याने दोन प्रती केल्या. एक होती तशीच, जरा मवाळ. दुसरी हल्ली निघालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने स्वच्छ केलेली. तीत भुवईचा केस न्‌ केस, मिशीची प्रत्येक छटा, डोळ्यांतली चमकसुद्धा. जो तपशील फोटोत कधी नव्हताच, तो यंत्राने दुसऱ्या असंख्य चेहऱ्यांच्या अनुभवावरून कल्पून भरलेला.

बाईंनी दोन्ही प्रती पुष्कळ वेळ न्याहाळल्या. स्वच्छ प्रत बाजूला सारून त्या म्हणाल्या, “ह्ये आमचं मालक न्हवंत.” मग दुसरी उचलली. “ह्ये हाईत. पर लई लांब हुबं ऱ्हायल्यात.”

कॅमेऱ्याच्या बिंदूंविषयी इतके नेमके बोलणे आम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही. तोच गट, तितक्याच अंतरावरून नव्या कॅमेऱ्याने टिपला असता, तर चित्राची उंची ५५०४ बिंदूंची झाली असती आणि वडिलांच्या चेहऱ्याला सुमारे ५८० बिंदू मिळाले असते. म्हणजे बाईंच्या भाषेत ते जवळजवळ निम्म्या अंतरावर आले असते. आणि भिंतीवरच्या फोटोला तेवढे पुष्कळ झाले असते. केस न्‌ केस दिसला नसता. परंतु जो दिसला असता तो त्यांचाच दिसला असता.

तेव्हा आमच्या मनात गोष्ट स्पष्ट झाली. सेकंदाला वीस चित्रे, मुका पडदा, आपणहून डोळा शोधणे, या नव्याच्या गुणांसाठी आमच्या स्टुडिओने कर्ज काढावे असे आजही वाटत नाही. तसे काम आले तर भाड्याने आणता येते. पण कसम परेडचा गटफोटो हे रोजचे काम आहे. त्या घरांपैकी कित्येकांत सगळे कुटुंब नीटनेटक्या कपड्यांत, पुरेशा उजेडात एकत्र उभे राहिल्याचा तो एकच फोटो असतो. पुढे दहा-पंधरा वर्षांनी त्यातूनच कोणाचा तरी चेहरा काढावा लागणार. आज फोटो घेऊन जाणाऱ्याला ते ठाऊक नसते. काढणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. शहरात ज्याला चैन म्हणतात ते ४ कोटी ५७ लाख बिंदू त्या गटफोटोत पुढची तजवीज ठरतात. सारांश, कॅमेरा घ्यावा, असे आम्ही पुतण्याला सांगितले. त्याने बँकेसाठी कारणांची लांबलचक यादी तयार ठेवली होती. हे कारण तीत नव्हते.

जुना विकावयाचा नाही, हेही ठरले. एकट्या माणसाचा चेहरा चौकटीत भरून घेतला, तर डी ७०० उभा धरल्यावर त्याचे ४२५६ बिंदू १८ इंच उंचीच्या फोटोला इंचामागे २३६ पडतात. त्याहून अधिक कोणत्याही भिंतीने आजवर मागितलेले नाही. म्हणून एकट्याचे फोटो जुन्यावर आणि गट नव्यावर, अशी वाटणी झाली. तिसरी अट आम्ही घातली. दर फाइलीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. आणि वहीत तारीख व गाव. बाईंचे काम जेवढे झाले तेवढे कॅमेऱ्यामुळे झालेच. पण २०११ ची ती फाइल कोणीतरी सांभाळून ठेवली होती, हे त्याच्याही आधीचे कारण.

आमच्या वाचकांना तीनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. घरच्या कार्याचे फोटो काढून घेताना छायाचित्रकाराकडून नुसता अल्बम घेऊ नये. मूळ फाइली मागून घ्याव्यात आणि दोन ठिकाणी ठेवाव्यात. मोबाइलवर एकमेकांना धाडलेला फोटो वाटेत बहुधा आक्रसतो, त्यावर विसंबू नये. आणि येत्या सणाला सगळे जमाल तेव्हा, गटफोटो झाल्यावर, घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला खिडकीजवळ एकेकटे बसवून एक फोटो घ्यावा. कॅमेरा नवा असो, जुना असो, नाहीतर हातातला मोबाइल असो. त्यांना जवळ उभे करण्याची वेळ तीच असते.